झोप सुधार समितीचे अध्यक्ष

कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवलं की ज्ञान किती वाढतं ते मला माहीत नाही, पण किस्से मात्र वाढतात. लोणावळ्यात पावसाळ्यात कपाटातल्या बुटांवर बुरशी येते, तसे ते आपोआप येतात. त्यासाठी काही करावं लागत नाही. स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी एक काढतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो आणि मग तासाची घंटा कोणालाच ऐकू येत नाही.

मी फिजिक्स शिकवतो. राहायला तळेगावात, कॉलेज लोणावळ्यात, मध्ये लोकल. झोपेशी माझा संबंध एवढाच होता, की ती मला आवडते. पण गेल्या वर्षभरात आमच्याकडे जमलेले सगळे किस्से झोपेचेच आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत मी आहे. काय करणार!

*

सुरुवात प्राचार्य मॅडमनी केली. एका सकाळी त्या राऊंडला निघाल्या, तर एका वर्गात कमालीची शांतता. मॅडमना भरून आलं. आपल्या कॉलेजात इतकी शिस्त! त्यांनी कौतुकानं दार हळूच उघडलं, तर अर्धा वर्ग बाकावर डोकं टेकून गाढ झोपलेला. आणि शिकवणारे आमचे केमिस्ट्रीचे सर अगदी दबक्या आवाजात शिकवत होते.

"अहो, जरा मोठ्यानं बोला की!" मॅडम म्हणाल्या.

"मोठ्यानं बोललो तर उठतात, मॅडम!"

त्याच दुपारी मीटिंग झाली. पोरं रात्रभर मोबाईल बघतात आणि दिवसा झोपतात, याच्यावर काहीतरी केलंच पाहिजे, असं ठरलं आणि 'झोप सुधार समिती' स्थापन झाली. मी जेवून जरा डोळा लागल्यामुळे मीटिंगला उशिरा पोचलो. तोवर सदस्य, सचिव, सहसचिव सगळी पदं वाटून झाली होती. उरलं होतं फक्त अध्यक्षपद!

*

समितीचं पहिलं काम म्हणून मी एक ऑनलाइन फॉर्म केला. रात्री किती वाजता झोपता, मोबाईल किती वेळ बघता, सकाळी ताजंतवानं वाटतं का, असे सोपे सोपे प्रश्न.

उत्तरं वाचून मी चाटच पडलो. जो तो रात्री दहाला झोपत होता! सगळ्यांना सकाळी ताजंतवानं वाटत होतं! ही अशी आदर्श पिढी असताना समिती कशाला, असं मॅडमना सांगायला मी उठलोही होतो. तेवढ्यात माझं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. फॉर्म कधी भरला ती वेळ त्यात आपोआप नोंदली जाते, हे पोरांना माहीत नव्हतं. 'मी रोज दहा वाजता झोपते', रात्रीचे दोन चाळीस. 'झोपण्याआधी एक तास मोबाईलला हात लावत नाही', तीन वाजून पाच मिनिटं.

खरं उत्तर एकाच पोरानं दिलं होतं. प्रश्न होता, 'झोपताना मोबाईल बाजूला ठेवता का?'

त्यानं लिहिलं होतं, 'ठेवत नाही सर. झोप लागली की तोच पडतो. तोंडावर.'

हा भारत.

*

भारत शेवटच्या वर्षाला होता. गाव आंदर मावळात, कान्हे फाट्यावरून आत गेलं की डोंगराच्या कुशीतली एक वाडी. तिथून रोज येणं-जाणं जमत नाही, म्हणून तो कान्ह्याला मावशीकडे राहायचा. पोरगं हुशार, मन लावून करणारं. खोड एकच. रात्री मोबाईलवर बैलगाडा शर्यतीचे रील बघायचे. कुठल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, कुठल्या गाड्यानं किती सेकंदात धाव पूर्ण करून बारी मारली, हे त्याला तोंडपाठ. मला न्यूटनचे नियम इतके पाठ नाहीत.

सकाळी साडेसातला आमचं प्रॅक्टिकल असतं. एकदा कोणाचा पाया कच्चा राहू नये म्हणून मी सगळ्यांना साध्या लंबकाचा पहिल्या वर्षाचा प्रयोग पुन्हा करायला लावला. दोऱ्याला गोळा बांधायचा, झोका द्यायचा, वीस झोके व्हायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं. पृथ्वीवर ते नऊ पूर्णांक आठ येतं, दहावीच्या पोरालाही ठाऊक आहे.

भारतचं आलं तीन पूर्णांक सात.

"भारत, हे मंगळावरचं आहे!"

"सर, मी वीसच मोजले."

"मग गोळा कुठे गेला होता मध्ये?"

भारतनं खाली बघितलं. बाजूच्या टेबलावरची मुलगी न राहवून म्हणाली, "सर, आठ मोजून झाल्यावर तो झोपला. गोळा हलतच होता. मग जागा झाला आणि नऊपासून पुढे मोजायला लागला!"

मी गणित करून बघितलं. साडेबारा झोके झोपेत गेले होते. आकडा अगदी बरोबर जुळत होता. प्रामाणिकपणे झोपल्याबद्दल मी त्याला दहापैकी चार मार्क दिले.

*

पण प्रॅक्टिकलला झोपायला आधी प्रॅक्टिकलला यावं लागतं, आणि तिथंच घोडं अडत होतं. भारत येतच नव्हता.

मी त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, उद्यापासून लोकलमध्ये बसलास की मला मोबाईलवर लाईव्ह लोकेशन पाठवायचं. मला दिसलं पाहिजे तू कुठे आहेस.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला लोकेशन आलं. लॅब उघडून मी मोबाईल समोर ठेवून बसलो. नकाशावरचं टिंब कान्ह्याहून निघालं. कामशेत आलं, मळवली गेली, टिंब लोणावळ्याला येऊन थांबलं. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या लॅबमधल्या मॅडमनाही दाखवलं. "बघा, जरा लक्ष दिलं की पोरं सुधारतात!"

मॅडमनी मोबाईल हातात घेतला आणि म्हणाल्या, "सर, हे टिंब परत मळवलीला का चाललंय?"

लोणावळ्याला आमची लोकल संपते. थोडा वेळ थांबते आणि तीच गाडी उलटी पुण्याला निघते. टिंब कामशेतवरून गेलं, कान्ह्यावरून गेलं, मावशीच्या घराला वळसा घालून तळेगावला गेलं. आम्ही दोघं बघत बसलो. बेगडेवाडीला टिंब थांबलं, आणि दोन मिनिटांनी मेसेज आला.

'सर, मी आलो होतो. फक्त उतरलो नाही.'

*

मग व्हायचं तेच झालं. हजेरी कमी म्हणून भारतला नोटीस निघाली. पाच प्रॅक्टिकलं उरली होती. त्यातलं एक जरी चुकलं तर टर्म मिळणार नाही, परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं.

नोटीस वाचून त्याचे वडील मॅडमना भेटायला आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात कसलीतरी पिशवी. केबिनमध्ये खुर्चीवर बसायलाच तयार होईनात.

"मॅडम, हा बारका व्हता तवा म्हशीच्या आदी उठायचा," आबा म्हणाले. "आता म्हस वरडून वरडून दमती, पन ह्यो उठत न्हाई."

"पण आबा, नियम आहे हो."

"व्हय, नियम हाये. माझं म्हननं न्हाई. पन आमच्या वाडीत आजून कुनी बीएस्सी झाल्यालं न्हाई. ह्यो हुनार म्हून मी समद्या गावाला सांगून बसलोय. आता रोज कुनीतरी इचारतं, आबा, झाला का? मी म्हनतो, हुतोय, हुतोय." एवढं बोलून त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. भारत दाराशी उभा होता. त्यानं मान वर केलीच नाही. मला खरंच वाईट वाटलं. पोराचं काय, वाईट सवय लागली की लागली. पण या माणसानं वाडीला तोंड कसं दाखवायचं?

मॅडमनाही वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "कुणीतरी याची हमी घ्या. साडेसातचं प्रॅक्टिकल, सात पस्तीसला मस्टर माझ्या टेबलावर. पाचही दिवस."

केबिनमध्ये चार प्राध्यापक होते. तिघांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी झोप सुधार समितीचा अध्यक्ष मीच! सही केली.

*

पहिला उपाय मावशीनं केला. भारतचा मोबाईल संध्याकाळीच काढून घ्यायचा, असं मी तिला फोनवर सांगितलं होतं. कुठे ठेवायचा ते सांगितलं नव्हतं. तिनं तो तांदळाच्या पिंपात खोल पुरला.

आता गंमत अशी, की पहाटे साडेपाचचा गजर त्याच मोबाईलमध्ये लावलेला होता. आणि गजर म्हणून भारतनं ठेवला होता बैलगाड्याच्या घाटातला पुकारा! भल्या पहाटे मावशीच्या स्वयंपाकघरातल्या पिंपातून माणूस ओरडायला लागला, "आली आली आली... सोडली ओ सोडली!" मावशी पिंपात कोपरापर्यंत हात घालून शोधतेय, मोबाईल आणखी खाली जातोय, शेजारचे लोक कंदील नि काठ्या घेऊन दारात. अख्खी चाळ जागी झाली. एक भारत सोडून!

त्याला शेवटी चाळीनंच उठवलं. सात वाजून वीस मिनिटांनी तो लॅबमध्ये हजर होता. मोबाईलच्या कव्हरमधून टेबलावर तांदूळ गळत होते.

मी मावशीला फोन करून शाबासकी दिली. म्हटलं, पण तांदळात का ठेवलात?

"आवो, बिगडल्याला मोबाईल तांदळात ठिवला की सुदरतो, असं शेजारची म्हनली."

"सुधारला का मग?"

"मोबाईल सुदरला, सर. आता पोरगं किती दिस ठिवू?"

*

तीन प्रॅक्टिकलं पार पडली. मधल्या शनिवार-रविवारी आबांनी स्वतःच निरोप पाठवला, "पोरांना आमच्याकडं आना. हितं रेंजच न्हाई. झोपतील लय."

कल्पना मला एकदम पटली. समितीचं 'मोबाईलमुक्त शिबिर'! मॅडमनी परवानगी दिली, बारा पोरं-पोरी घेऊन आम्ही वाडीवर पोचलो. भाताची खाचरं, डोंगर, गुरांच्या घंटा. मोबाईलवर रेंजची एक काडी नाही. आबांनी सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि झुणका पोटभर वाढला. मी ओसरीवर घोंगडीवर आडवा झालो. काय झोप लागली म्हणून सांगू!

उठलो तर एकही पोरगं नाही. शोधत शोधत गोठ्यामागे गेलो. तिथं उकिरडा होता, चांगला पुरुषभर उंच. त्याच्या माथ्यावर बाराच्या बारा जण हात वर करून उभे! गावात रेंज फक्त तिथं येत होती. भारतनं दाखवलं होतं. सगळ्यात उंच टोकासाठी पोरांनी पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या लावल्या होत्या, आणि एक मुलगी वहीत त्याची नोंद ठेवत होती. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये इतकं स्वच्छ अक्षर मी तिचं कधी बघितलं नाही.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी आबांना विचारलं, "ही कालेजची पोरं उकिरड्यावर काय करत्यात रं?"

आबा अभिमानानं म्हणाले, "अभ्यास!"

मी पोरांना भरपूर झापलं, सगळ्यांना खाली उतरवलं आणि एकही जण पुन्हा चढू नये म्हणून स्वतः वर जाऊन उभा राहिलो. एवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. प्राचार्य मॅडम.

"सर, कसं चाललंय शिबिर?"

"उत्तम, मॅडम! रेंजच नाही ना इथं. पोरं अगदी निसर्गात रमलीत!"

मॅडमनी विचारलं, "मग फोन कसा लागला? सर, तुम्ही कशावर उभे आहात?"

*

चौथं प्रॅक्टिकल झालं. राहिलं शेवटचं.

आदल्या दिवशी भारत घरी गेला. लोकलची जोखीमच नको, वाडीवरून दुधाचा टेम्पो पहाटे लोणावळ्याला येतो, त्यात मीच याला घालून आणतो, असं आबांनी ठरवलं होतं. मी भारतला बजावलं, रात्री उकिरड्यावर चढायचं नाही. दहाला झोपायचं.

मी घरी साडेदहाला अंथरुणावर पडलो. एकदा खात्री करावी म्हणून मोबाईल बघितला, तर भारत ऑनलाइन! म्हणजे रेंजमध्ये, म्हणजे उकिरड्यावर! मी लिहिलं, 'झोप.' उत्तर आलं, 'हो सर.' साडेअकराला बघितलं, ऑनलाइन. 'भारत?' 'सर निघालोच होतो, तुमचा मेसेज आला म्हणून थांबलो.' बारा वाजता ऑनलाइन. एक वाजता ऑनलाइन. माझा जीव वरखाली व्हायला लागला. या पोराच्या नावावर मी सही करून बसलो होतो! दर दहा मिनिटांनी मी डोळे उघडून बघत होतो.

दोन वाजता त्याचाच मेसेज आला. 'सर, काही काम आहे का? तुम्ही रात्रभर ऑनलाइन दिसताय म्हणून मी पण थांबलोय.'

त्यानंतर मला झोप लागली नाही. पाच वाजता उठलो, आंघोळ केली, तळेगावला पहिली लोकल पकडली. खिडकी मिळाली. वडगाव गेल्याचं मला आठवतं.

"साहेब, उठा. कुठं जायचंय?"

समोर एक बाई टोपली घेऊन बसल्या होत्या. बाहेर पाटी दिसली. बेगडेवाडी!

म्हणजे मी लोणावळ्याला जाऊन परत आलो होतो. येताना माझ्या स्वतःच्या घरावरूनही आलो होतो. घड्याळात सात पंचवीस. लॅबची किल्ली माझ्या खिशात, मस्टर माझ्या बॅगेत. भारतनं काही चूक केली नव्हती, आणि माझ्या झोपेपायी पोराचं वर्ष जाणार होतं. आबांना मी काय सांगणार होतो? प्लॅटफॉर्मवर उतरून फोन लावला.

"सर, मी सातलाच आलोय," भारत म्हणाला. "लॅबच्या दारात उभा आहे. आबा पायरीवर बसल्या बसल्या झोपलेत. रात्रभर मला उठवायला जागे होते. सर, तुम्ही कुठं आहात?"

मी समोरची पाटी पुन्हा एकदा वाचली.

"सर," भारत हळूच म्हणाला, "लाईव्ह लोकेशन पाठवता का?"

पाठवलं. दुसरं काय करणार!

परतीची गाडी मिळून मी कॉलेजात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पायरीवर आबा नव्हते, दाराशी भारत नव्हता. सरळ केबिनमध्ये गेलो आणि मान खाली घालून उभा राहिलो. मॅडमनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर भारतच्या नावापुढे त्यांच्या अक्षरात 'हजर' लिहिलेलं होतं, खाली त्यांची सही, आणि वेळ सात पस्तीस. माझ्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं.

"मस्टर आलं नाही म्हणून मीच वर गेले," मॅडम म्हणाल्या. "बघते तर लॅबला कुलूप, आणि हा पोरगा जर्नल हातात घेऊन उभा. मी विचारलं, काय रे, सर आले नाहीत का अजून?"

"मग?" मी विचारलं.

"त्यानं मोबाईल बघितला आणि म्हणाला, सर आलते की, मॅडम. फक्त उतरले न्हाईत."